फोटो अपलोडच्या चौकटीस, उपकृत झेरॉक्सवाल्याकडून

प्रति,
मा. चौकटबाई,
‘छायाचित्र व स्वाक्षरी अपलोड करा’ विभाग,
ऑनलाइन अर्ज, पान चौथे.

विषय : आपण आहात तशाच राहण्याबाबत.

महोदया,

सा. न. वि. वि. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पाटीवर ‘झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म’ असं रंगवलेलं आहे. झेरॉक्सवर आता गाळ्याचं भाडंही सुटत नाही. लॅमिनेशन म्हणजे निकालाचे आठ दिवस. वर्षभर चूल पेटते ती पाटीवर न लिहिलेल्या एका कामावर : ‘दादा, एवढा फोटो पन्नासच्या आत बसवून द्या ना.’ हे काम तुम्ही निर्माण केलंत. सरकारच्या कुठल्याही रोजगार योजनेत त्याची नोंद नाही, म्हणून निदान मी तरी जाहीर आभार मानावेत म्हटलं.

तुमचे अवतार पुष्कळ. त्यातला बँकभरतीच्या अर्जातला मला सगळ्यांत प्रिय. फोटो २०० बाय २३० पिक्सेल, वजन २० ते ५० केबी. सही १४० बाय ६०, वजन १० ते २० केबी. शिवाय डाव्या हाताचा अंगठा आणि स्वहस्ते लिहिलेलं प्रतिज्ञापत्र, तेही इंग्रजीतच आणि कॅपिटल अक्षरांत नको. गावाकडून आलेला पोरगा हे वाचतो, खिशातून मोबाइल काढतो आणि माझ्याकडे बघतो. त्या मोबाइलचा कॅमेरा साधा १२ मेगापिक्सेलचा धरला तरी फोटोत ४,००० गुणिले ३,०००, म्हणजे एक कोटी वीस लाख टिंबं असतात. तुम्हाला हवीत ४६,०००. दर दोनशे साठ टिंबांतलं एक ठेवायचं, बाकीची काढून टाकायची. मेगापिक्सेल बघून हप्त्यावर फोन घेतलेल्या माणसाला हे समजावून सांगणं जिवावर येतं, पण पोटासाठी करतो.

आता एक गंमत सांगतो, रागावू नका. तुमच्याच सूचनेत एका ओळीत लिहिलेलं असतं की फोटो साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा हवा, आणि जरा खाली लिहिलेलं असतं २०० बाय २३०. पट्टी घेऊन बसलं तर हे दोन आकार एकमेकांशी जुळत नाहीत. पासपोर्ट फोटो उभट असतो, तुमचा २०० बाय २३० त्यापेक्षा बसका. जाणकार माणूस वरचं-खालचं थोडं कापून टाकतो. पण घरी पेंट उघडून बसलेला उमेदवार काय करतो? ‘मेन्टेन अ‍ॅस्पेक्ट रेशो’समोरची टिकमार्क काढतो, दोन्ही रकान्यांत तुमचे आकडे भरतो आणि ओके दाबतो. फोटो अगदी बरोबर मापाचा होतो. फक्त तोंड १२ टक्क्यांनी रुंद होतं. वर्षभर अभ्यासिकेत बसून गाल बसलेली पोरं हॉल तिकिटावर अशी गुबगुबीत दिसतात की आईला समाधान वाटावं. परीक्षा केंद्रावरचा माणूस मात्र एकदा तिकिटाकडे आणि एकदा तोंडाकडे बघत राहतो.

पण तुमची खरी कला दिसते ती सहीत.

१४० गुणिले ६० म्हणजे ८,४०० टिंबं. एकही टिंब न दाबता, प्रत्येकाला तीन बाइट देऊन, सगळी कच्ची लिहून काढली तरी होतात २५,२०० बाइट, म्हणजे साडेचोवीस केबी. आणि सहीत असतं काय? पांढरा कागद, काळी रेघ, खाली दोन टिंबं. नीट जेपीजी केली तर तीन-चार केबीत मावते. तुमची अट अशी की दहाच्या खाली नको. थोडक्यात, सही दाबून आणा, पण फार चांगली दाबून आणू नका. कारकुनीच्या इतिहासात कागद जाड असावा अशी अट ऐकली होती. सही जाड असावी ही अट तुमचीच.

परवा एक निवृत्तीला आलेले मास्तर मुलीचा फॉर्म भरायला आले होते. मुलीची सही स्वच्छ कागदावर, काळ्या शाईच्या पेनाने, चांगल्या स्कॅनरवर घेतलेली. तुम्ही लाल अक्षरांत परत पाठवलीत : आकार कमी आहे. शेजारच्या खुर्चीवरच्या पोराने वहीचं पान टरकावलं, पिवळ्या बल्बखाली सही केली, मोबाइलची सावली पाडून फोटो काढला. चौदा केबी! हिरवी टिकमार्क! मास्तरांनी चष्मा काढून पुसला. त्यांना म्हटलं, सर, कारण साधं आहे. स्वच्छ पांढरा कागद मशीनला लिहून ठेवायला काही लागतच नाही. मळका कागद, बल्बचा पिवळेपणा, अंधारात कॅमेऱ्याने उठवलेले बारीक रवे, हे सगळं मशीन इमानेइतबारे टिपतं आणि वजन वाढतं. चौकटबाई सही वाचत नाहीत, तोलतात.

अंगठ्याने मात्र मला आजवर कधी त्रास दिलेला नाही. २४० बाय २४० मध्ये रेघाच रेघा, शाईचे डाग, घामाचे ठिपके. त्याची वीस केबीची खालची हद्द हां हां म्हणता पार होते. एम.ए. झालेल्यांची सही दोन-दोनदा परत येते आणि अंगठा पहिल्या फटक्यात पास होतो. अंगठाबहाद्दरांचा एवढा मान दुसऱ्या कुठल्या कचेरीने ठेवला असेल असं वाटत नाही.

फोटोतही तुमची आवडनिवड कळते. दोघे भाऊ आले होते. तोच पडदा, तोच कॅमेरा, तेच माप, क्वालिटीची पट्टीही तिथेच. थोरल्याच्या अंगात चौकड्यांचा शर्ट, दाढी वाढलेली. धाकटा नुकता दाढी करून, पांढऱ्या शर्टात. थोरला वीसच्या वर गेला, धाकटा तेरावर अडकला. घरी त्यांच्या आईला वाटलं असणार, धाकट्याचं काहीतरी चुकलं. चुकलं काहीच नव्हतं. जेपीजी फोटोचे आठ बाय आठ टिंबांचे चौकोन पाडते. प्रत्येक चौकोनात उजेड कसा बदलतो ते चौसष्ट आकड्यांत मांडते : काही आकडे संथ बदलाचे, काही बारीक चढउताराचे. बारीक चढउतार डोळ्याला फारसे जाणवत नाहीत, म्हणून ते आकडे ढोबळ करते, आणि त्यातले बरेचसे शून्य होऊन जातात. शून्यांची रांग लिहायला जागा लागत नाही. गुळगुळीत गाल म्हणजे शून्यंच शून्यं. चौकडी आणि दाढी म्हणजे जागोजागी काहीतरी लिहून ठेवायचं. म्हणजे वजनावरून कळतं ते एवढंच की पोराचा शर्ट कसा होता. फोटो ओळखू येतो का, डोळे उघडे आहेत का, हे केबीवरून कळत नाही. पण हे मी कुणाला बोलत नाही, धंद्याला बरं नाही.

या गणिताच्या मुळाशी असलेले गृहस्थ आपल्या बाजूचेच, बंगळुरूचे नासिर अहमद. अमेरिकेत प्राध्यापक असताना १९७२ मध्ये त्यांनी या कल्पनेवर काम करण्यासाठी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे पैशासाठी अर्ज केला. अर्ज नामंजूर झाला. कल्पना फारच सोपी वाटते, असा एका परीक्षकाचा शेरा होता. नटराजन आणि राव या दोघांबरोबर त्यांनी ती १९७४ मध्ये छापली, आणि १९९२ मध्ये जेपीजीचं प्रमाण ठरलं तेव्हा पाया तोच होता. ज्या गणिताचा अर्ज एकदा फेटाळला गेला, त्याच गणिताच्या जोरावर तुम्ही आज रोज अर्ज फेटाळता. घराणं जुनं आहे तुमचं.

तुमच्या सांगण्यात जे मोघम असतं, त्याचाही मी ऋणी आहे. पन्नास केबी म्हणजे किती, हे तुम्ही कधी सांगत नाही. हजाराचा केबी धरला तर ५०,००० बाइट, १०२४ चा धरला तर ५१,२००. माझ्याकडे ५०,७०० बाइटची फाइल असेल तर विंडोज तिला ४९.५ केबी म्हणतं. त्याच फाइलचं प्रॉपर्टीज उघडलं तर खाली ‘साइज ऑन डिस्क’ ५२ दिसतं, कारण डिस्क चार-चार केबीचे कप्पे अख्खे मोजते. २००९ पासून अ‍ॅपलचे संगणक हजाराने मोजतात, तिथे तीच फाइल ५१ होते. तीन आकडे, एक फाइल, आणि दारात घामाघूम झालेला उमेदवार. मी अठ्ठेचाळीसच्या वर कधी जातच नाही. हे आमचं धंद्यातलं गुपित.

सूचनेतल्या २०० डीपीआयचंही तसंच. तो आकडा प्रिंटरला सांगायचा असतो, एका इंचात किती टिंबं बसवायची ते. पिक्सेल तेवढेच ठेवून ७२ चे २०० केले तर फोटोत काडीचा फरक पडत नाही. पण सूचनेत लिहिलंय म्हटल्यावर गिऱ्हाईकाला करून दाखवावंच लागतं. करून दाखवतो, मान डोलावतो, आणि तोही डोलावतो.

दहाच्या खाली राहिलेली सही फुगवायला फोटोशॉपमधली एक युक्ती आहे, तुम्हाला सांगायला हरकत नाही. ‘सेव्ह फॉर वेब’ केलं तर सॉफ्टवेअर सगळा पसारा काढून टाकतं आणि सही बारीक होते. साधं ‘सेव्ह अ‍ॅज’ केलं तर फाइलच्या पोटात रंगांची माहिती, छोटा नमुना-फोटो, कुठल्या सॉफ्टवेअरने कधी बनवली याची नोंद, असं बरंच काही जातं. रेघ तेवढीच राहते, भरती मात्र होते. म्हणजे तुम्ही दहा केबी सही म्हणून जे जपून ठेवता, त्यात सहीपेक्षा तिची वंशावळ जड असते. तुम्हाला चालतं, मला चालतं.

एका बाबतीत मात्र थट्टा सुचत नाही. माझ्यासारखं दुकान जवळ नसलं की पोरं फुकट फोटो लहान करून देणाऱ्या कुठल्यातरी साइटवर जातात. तिथे फोटो, सही आणि अंगठा, तिन्ही एकाच बैठकीत चढवतात. ती साइट कुणाची, फाइल पुढे कुठे जाते, कुणी विचारत नाही. रात्री साडेअकराला, शेवटच्या तारखेला, विचारायला वेळही नसतो. तुमच्या दहा केबींसाठी माणूस आपली सही आणि अंगठा अनोळखी माणसाच्या हातात ठेवून येतो, आणि ते तुमच्या एकाही सूचनेत लाल अक्षरांत लिहिलेलं नाही.

असो. आता मूळ विषयाकडे येतो. काही बातम्या कानावर येतायत, त्यामुळे काळजी वाटते. अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जात तुमची एक चुलत बहीण आहे. ती चौकोनी फोटो मागते, ६०० बाय ६०० ते १२०० बाय १२००, आणि २४० केबीच्या आत. वजनाला वरची हद्द आहे, खालची नाहीच! वर फोटो कापून घ्यायची सोयही त्यांनीच साइटवर ठेवलीय. इतकं सोपं करून ठेवलं तर तिथल्या झेरॉक्सवाल्यांनी खायचं काय?

दुसरी बातमी घरातूनच आली. भाचा इंजिनिअरिंगला आहे. म्हणाला, ‘मामा, हे सगळं ब्राउझरमध्येच होतं. माणसाने पाच एमबीचा फोटो निवडला की त्याच्याच फोनमध्ये कापायचा, लहान करायचा, आणि मगच पुढे पाठवायचा. आयफोनचा एचईआयसी प्रकारचा फोटो असला तर तो सर्व्हरवर बदलून घ्यायचा. पानभराचं कामसुद्धा नाही. तुझ्याकडे रांग लागते कारण हे काम त्या चौकटीने तुझ्या गिऱ्हाइकांवर ढकललंय.’ मी त्याला चहा पाजला, वडापाव खायला घातला आणि हे चारचौघांत बोलायचं नाही असं बजावलं. तुमच्याकडच्या कुणाच्या कानावर गेलं असेल तर मनावर घेऊ नका. पोरगं लहान आहे.

आणि हल्ली काही ठिकाणी म्हणे कॅमेऱ्यासमोर बसवून थेट फोटो घेतात. त्याची मला फारशी भीती नाही. उजेड नीट नाही, चष्मा चमकतो, मागची भिंत पांढरी नाही, म्हणून माणूस शेवटी दुकानातच येतो. मी पांढरी चादर टांगून ठेवलीय.

तरी विनंती एवढीच : वरची हद्द हवी तर वाढवा, पण खालची कधी काढू नका. मोठा फोटो लहान करायला पोरं आता फोनवरच शिकलीत. हलकी सही जड करायला अजून माझ्याकडेच यावं लागतं. सही दहा रुपये, फोटो-सही-अंगठा मिळून तीस, प्रतिज्ञापत्र धरून चाळीस. शेवटच्या तारखेला रात्री नऊनंतर दुप्पट. पुढच्या भरतीची जाहिरात कधी निघणार ते आधी समजलं तर शाईचा पॅड आणि कोरे कागद भरून ठेवीन.

कळावे, लोभ आहेच, तो वाढू द्यावा.

आपला उपकृत,
झेरॉक्सवाला,
एसटी स्टँडच्या मागे