आवळलं की झालं!

माझ्या मोटारसायकलला चेन नाही. तिचं मागचं चाक दातेरी पट्ट्यावर फिरतं. ते वळणावर डुलतंय, अशी बातमी फुटताच सोसायटीच्या पार्किंगमध्ये तज्ज्ञांची समिती जमली आणि पहिलं निदान झालं, "चेन-सॉकेट गेलंय."

"अहो, हिला चेनच नाही."

"मग डुलणारच!"

पट्टा खरं तर चांगला जुना. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कित्येक फटफट्या चामड्याच्या पट्ट्यावर चालत आणि पाऊस लागला की तो घसरे. मग चेनचं राज्य आलं. १९८० साली हार्ले-डेव्हिडसनने आपल्या स्टर्जिस मॉडेलवर दातेरी रबरी पट्टा आणला. त्याला तेल घालायचं नसतं. घातलं तर पट्टा खराब होतो. हे मी सांगत होतो तेवढ्यात तळमजल्यावरचे काका शिलाई मशीनच्या तेलाची बुधली घेऊन हजर.

बुधली कशीबशी परतवली, तर काकांनी पाना काढला. "एक्सलचा नट आवळा. आवळलं की झालं!" ढिलं पडलेलं काहीही आवळून ताळ्यावर येतं, अशी काकांची श्रद्धा आहे. मग तो नळ असो, शिस्त असो वा जावई.

गॅरेजमधला मेकॅनिक मात्र आधी काहीच बोलला नाही. मागचं चाक अधांतरी राहील अशी गाडी स्टँडवर घेतली, चाक वर-खाली धरून हलवलं. कट्! मागचं चाक धरणारा चिमटा हलवून पाहिला, तो घट्ट. पुलीतली रबरं शाबूत. "बेअरिंग," तो म्हणाला आणि पुन्हा गप्प झाला. इतक्या कमी शब्दांत मत मांडणारा माणूस पुण्यात राहतो कसा, कोण जाणे.

हब उघडल्यावर कळलं, दोन बेअरिंगच्या मधली नळी आधीच्या कुणा कारागिराने बसवलीच नव्हती. ती नसली की एक्सल जितका आवळावा तितक्या बेअरिंगच्या आतल्या कड्या एकमेकींकडे दाबल्या जातात आणि छर्रे भरडले जातात. म्हणजे काकांचं औषध हाच मूळ रोग!

नळी आली, नवी बेअरिंग बाहेरच्या कडीवर दाब देऊन बसवली, चाक रेषेत घेऊन पट्ट्याचा ताण तपासला. गाडी सरळ धावू लागली.

तेव्हा वाचकहो, चाक डुललं तर आधी ते हलवून पाहा, पाना नंतर. आणि आवळायला सांगणारा भेटलाच, तर त्याला चहा पाजा. हातात कप असेपर्यंत तरी पाना नसतो.