माउसच्या हरवलेल्या बाणास अनावृत पत्र

चि. बाणास,

अनेक उत्तम आशीर्वाद. खरं तर 'चि. बाणास' या दोन शब्दांतच अडखळलो. चिरंजीव म्हणावं तर वयाने तू माझ्याहून मोठा. डग्लस एंगलबार्ट या अभियंत्याने तुला चारचौघांत आणलं ते ९ डिसेंबर १९६८ रोजी, सॅन फ्रान्सिस्कोत. माझा जन्म १९७१ चा. पण तीर्थरूप म्हणावं, तर तीर्थरूपांना कोणी टेबलावर माउस आपटून हाका मारत नाही. तेव्हा चिरंजीवच राहू दे. पत्रास कारण की, आज सकाळी सव्वादहापासून तू सापडत नाहीस.

पूर्वी पेपरात हरवलेल्या मुलाचा फोटो यायचा आणि खाली दोन ओळी असायच्या, की असशील तिथून निघून ये, आईने अंथरूण धरलंय. मीही तसं छापून आणलं असतं. पण तुझा फोटो मिळवायचा कुठून? प्रिंट स्क्रीनची कळ दाबली की अख्खा पडदा टिपला जातो, नेमका तू सोडून. घरच्या सगळ्या फोटोंत नसलेले एक काका असतात, तसा तू.

एकच पडदा होता तोवर आपलं बरं चाललं होतं रे. दर महिन्याच्या १४ तारखेनंतर जीएसटीचं टू-बी उतरवून घ्यायचं, आपल्या खरेदीच्या रजिस्टरशी एकेक बिल ताडून बघायचं आणि २० च्या आत थ्री-बी विवरणपत्र भरायचं. ताळा करताना एक खिडकी झाकून दुसरी उघडायची आणि मधल्या वेळात आकडा तोंडाने पुटपुटत धरून ठेवायचा. चौतीस हजार सहाशे अठ्ठ्याऐंशी, चौतीस हजार सहाशे अठ्ठ्याऐंशी... तेवढ्यात परचेसच्या मॅडम येऊन चहा घेणार का विचारायच्या आणि चौतीसचे त्रेचाळीस व्हायचे. म्हणून मी दुसरा मॉनिटर मागितला. ऐश म्हणून नाही, पुटपुटणं थांबावं म्हणून. हे आता स्पष्ट सांगितलेलं बरं, कारण तुझा समज वेगळा झालेला दिसतो.

मागितला म्हणजे तिकीट टाकलं. आमच्याकडे पंखा बंद पडला तरी तिकीट टाकावं लागतं. सहा आठवड्यांनी चोवीस इंची मॉनिटर आला. त्याच्याबरोबर आलेली केबल व्हीजीएची, ती दोन बाजूंना स्क्रू असलेली, पंधरा टाचण्यांची. माझ्या लॅपटॉपला खिडकी फक्त एचडीएमआयची. मग डोंगलसाठी नवं तिकीट. मधले आठ दिवस त्या काळ्या काचेत मी माझाच चेहरा बघत होतो. पुढे त्याच पडद्यावर जे बघावं लागलं, त्या मानाने तो बरा होता.

डोंगल आला, पडदा उजळला आणि दोन्हीकडे एकच चित्र दिसू लागलं. तेच एक्सेल, तेच रकाने, तोच तू, जुळा झालेला. मला वाटलं, हेच असतं ते. दोन दिवस मी तसंच काम केलं, हे आज जाहीर कबूल करतो. साहेब मागून जाताना म्हणाले, "वा! दोन-दोन स्क्रीन!" मीही मान डोलावली. तिसऱ्या दिवशी आयटीचा मुलगा केबल परत न्यायला आला, त्याने बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "काका, विंडोज आणि पी एकदम दाबा." दाबलं तर चार पर्यायांची यादी उघडली. त्यात मी 'डुप्लिकेट'वर बसलो होतो, बसायचं होतं 'एक्सटेंड'वर. जाता जाता त्याने ऐकवलं की विंडोज ९८ लासुद्धा एका वेळी नऊ मॉनिटर जोडता यायचे. नऊ! नवग्रहांची निदान शांत तरी करता येते.

आणि तिथून तू बिघडलास.

माझ्या टेबलाच्या उजवीकडे खांब आहे. म्हणून मॉनिटर डावीकडे ठेवला. संगणकाला खांब दिसत नाही. नवा पडदा आला म्हणजे तो उजवीकडेच असणार, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं. झालं काय, की डावीकडच्या मॉनिटरवर जायचं असेल तर तुला लॅपटॉपच्या उजव्या कडेतून बाहेर काढावं लागायचं, मग तू डाव्या पडद्याच्या पार डाव्या टोकाला उगवायचास. स्वारगेटला उतरायचं म्हणून शिवाजीनगरच्या बसमध्ये चढावं, असा तो प्रवास. मला वाटलं, दोन पडद्यांची हीच रीत असेल. माणूस एकदा सहन करायला बसला की कशालाही रीत म्हणतो.

बरं, निघालास तरी पोचशील याची खात्री नाही. लॅपटॉपचा पडदा १३६६ बाय ७६८ ठिपक्यांचा, मॉनिटर १९२० बाय १०८०. संगणकाने दोघांचे माथे जुळवले, त्यामुळे मॉनिटरच्या खालच्या ३१२ ओळींसमोर लॅपटॉप नाहीच, नुसती पोकळी. त्या उंचीवरून परतायला निघालास की तू अदृश्य भिंतीला नाक लावून उभा. मी माउस घासतोय, पॅड गुंडाळलं जातंय आणि तू बंद दारापुढच्या वासरासारखा तिथेच. चार बोटं वर सरकलास की वाट मोकळी, पण एवढं सुचेल तर तो तू कसला!

वर मात्र उलटं. पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ सालीच तुझी पत्रिका मांडून ठेवली होती. लक्ष्य जितकं लांब आणि जितकं लहान, तितका तिथे पोचायला वेळ जास्त. संगणकवाल्यांनी त्यावरून हेरलं, की पडद्याची कड आणि कोपरा गाठायला सर्वात सोपा, कारण तिथे नेम धरावाच लागत नाही, तू आपोआप थडकून थांबतोस. तीस वर्षं मी उजव्या वरच्या कोपऱ्यातली फुली डोळे मिटून दाबत आलो. आता त्या कोपऱ्यामागे संगणकाच्या लेखी दुसरा पडदा आहे. फुलीच्या नेमाने सोडलेला तू थेट पलीकडच्या ब्राउझरमध्ये, मागे जायच्या खुणेवर. तीही बाणच, तुझी चुलतबहीण. दोघांनी मिळून माझा भरत आणलेला एक अख्खा फॉर्म कोरा केला. कडेला थांबणं हा तुझा एकमेव सद्गुण होता, हे मला कड गेल्यावर समजलं.

मीटिंगमधल्या प्रकाराबद्दल मी फार लिहिणार नाही. स्क्रीन शेअर करताना 'स्क्रीन १ की स्क्रीन २' असं विचारलं गेलं. मी समोरची ती १ असं धरून २ नको म्हणालो आणि नेमकी भलतीच दाखवली. त्यावर माझं खासगी एक्सेल उघडं होतं. निवृत्तीला उरलेले दिवस, सुट्ट्या वजा जाता. अकरा जणांनी ते पाहिलं. साहेब एवढंच म्हणाले, की सूत्रात दुसरा आणि चौथा शनिवार धरायचा राहिलाय. तू त्या वेळी कुठे होतास? दुसऱ्या पडद्यावर, निवांत.

आणि मान! मूळचा तू सरळ उभा बाण होतास. सत्तरच्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टोच्या प्रयोगशाळेत तुला डावीकडे कलता केला, कारण त्या वेळच्या मोजक्या ठिपक्यांत उभा बाण नीट उठून दिसेना. तुला वाकवायला एक प्रयोगशाळा लागली. मी तीन आठवड्यांत टेबलापाशी बसल्या बसल्या डावीकडे वाकडा झालो. ज्या पडद्यावर जास्त काम, तो नाकासमोर हवा, हातभर अंतरावर, वरची कड डोळ्यांच्या रेषेत. हे मला फिजिओथेरपिस्टने सांगितलं, पाचशे रुपये घेऊन.

तुझी लबाडी उघडी पडली ती मात्र डोंगरांमुळे. दुसरा मॉनिटर घेतला आणि भिंतीला रंग दिला नाही, असं कसं चालेल? म्हणून मी सिंहगडावरून काढलेला एक लांबलचक फोटो दोन्ही पडद्यांवर मिळून पसरला. 'स्पॅन' म्हणतात त्याला. मूळ फोटोत डावीकडे राजगड, उजवीकडे तोरणा, मधे ढग. डोंगराची रांग दोन पडद्यांच्या सांध्यावर तुटत होती खरी, पण दुरून छान दिसायचं. डिस्पॅचमधला एक मुलगा दर रविवारी गड चढतो. तो सही घ्यायला आला, थबकला, मान तिरकी करून बघत राहिला.

"सर, फोटो रायगडावरून काढलाय का?"

"सिंहगडावरून."

"मग तोरणा डावीकडे कसा? तोरणा डावीकडे नि राजगड उजवीकडे दिसायला तिकडं पश्चिमेला, रायगडावर उभं राहायला लागतं."

तीन आठवडे मी ज्याला रीत म्हणत होतो, ते त्याने सही न घेताच मोडीत काढलं. फोटो बरोबर होता, पडदे उलटे लावले होते. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये गेलो. तिथे १ आणि २ असे दोन चौकोन शेजारी काढलेले असतात. 'आयडेंटिफाय' दाबलं की प्रत्यक्ष पडद्यांवर तेच आकडे मोठ्ठे उमटतात, कोण कुठे ते कळतं. दोनचा चौकोन माउसने धरला, म्हणजे तुझ्याच हाताने धरला, एकच्या डावीकडे नेऊन सोडला आणि टेबलावर दिसत होतं तसा थोडा वर सरकवला. 'अप्लाय'. अर्धं मिनिट. तोरणा जागेवर गेला, राजगडही. एवढ्या आठवड्यांत मी तीन तिकिटं टाकली, चार जणांवर डाफरलो आणि तुला नाही नाही ते बोललो, पण हे दोन चौकोन टेबलाशी ताडून बघितले नाहीत. जन्मभर आकडे ताडण्याचा पगार घेतोय, ही बारीक गोष्ट तू कोणाला सांगू नकोस.

सारं स्थिरस्थावर झालं, असं वाटलं. विंडोज ११ मध्ये तर तुझ्या त्या अदृश्य भिंतीवरही उतारा निघाला. अनेक पडद्यांच्या सेटिंगमध्ये एका टिचकीने तू कड न जुळताही पलीकडे सरकतोस. तीही खूण केली. माउसच्या सेटिंगमध्ये आणखी एक खूण केली, की कंट्रोल दाबल्यावर तुझ्याभोवती वर्तुळं उठतात, विहिरीत खडा पडल्यासारखी. आता तुला कसलीच सबब उरली नाही.

उरला माझा हात. तीन आठवडे त्याला शिकवलं, की डावीकडे जायचं तर उजवीकडून निघ. तो आता ऐकत नाही. मेंदू म्हणतो डावीकडे, हात तुला उजव्या कडेवर आणून आपटतो. मग मी डावीकडे शोधतो आणि तू खांबाच्या बाजूला कुठेतरी, पांढऱ्या एक्सेलवर पांढरा होऊन पडलेला. मघापासून कंट्रोल दाबतोय. वर्तुळं उठतही असतील. मी नेमका दुसऱ्या पडद्याकडे बघत असतो.

तुझ्यावर राग नाही. तुला जे पडदे सांगितले गेले, त्यांवर तू फिरलास. फक्त आज २० तारीख आहे. टू-बी आणि रजिस्टर पैशापैशाला जुळलंय, डाव्या पडद्यावर 'फाइल'चं बटण निळं होऊन वाट बघतंय, आणि ते दाबायला तू नाहीस. असशील त्या पडद्यावरून निघून ये. कोणी रागावणार नाही.

तुझा,
खांबाशेजारचा अकाउंटंट

ता. क. विलंब शुल्क दिवसाला ५० रुपये आहे.