चौथी ब, पालक तुकडी

महाराष्ट्रातल्या मुलांना अभ्यासाची सवय राहिली नाही, असं कोणी म्हणालं की आम्हाला हसू येतं. सवय चांगली पक्की आहे. फक्त ती आईबाबांना लागली आहे. खोटं वाटत असेल तर रात्री साडेनऊला कुठल्याही चौथी 'ब'च्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर डोकवा. 'परिसर अभ्यासाचा स्वाध्याय वहीत की पुस्तकात?' 'इंग्रजीला चार रेघी चालेल का?' 'कोणीतरी उत्तरं टाका ना प्लीज, आमचा झोपलाय.' ज्याचा गृहपाठ आहे तो झोपलाय. जागे आहेत दोन पदवीधर आणि बँकेतून निवृत्त झालेले एक आजोबा. गणित खातं त्यांच्याकडे असतं.

केंद्राच्या 2020 च्या दप्तर धोरणात लिहिलंय, दुसरीपर्यंत गृहपाठ देऊ नये आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला फार तर दोन तासांचा द्यावा. धोरण लिहिणाऱ्यांच्या घरी लहान मूल नसावं. दोन तास तर खोडरबर शोधण्यात जातात. मूल बसतं, पेन्सिलीला टोक करतं. टोक मोडतं. पुन्हा करतं. पेन्सिल अंगठ्याएवढी उरली की तहान लागते. पाणी प्यालं की ते बाहेर टाकायला जावं लागतं. परत आल्यावर वही शाळेतच राहिल्याचं आठवतं, पण आईने ती मघाशीच दप्तरातून काढून ठेवलेली असते. इथे आईचा धीर सुटतो आणि ती म्हणते, 'आण इकडे!' एवढे दोन शब्द कानावर पडेपर्यंत कळ काढायची, हे मुलाने केव्हाच आत्मसात केलेलं आहे. आणि म्हणे मुलांत चिकाटी नाही.

मग आई डाव्या हाताने लिहायला घेते. अक्षर मुलाचं वाटायला हवं ना! एक चूक मुद्दाम पेरते, दुसरी करून खोडते, पानाचा कोपरा जरा मळवते. हे बी.एड.ला शिकवत नाहीत, अनुभवानेच येतं. दुसऱ्या दिवशी वहीत बाईंचा लाल शेरा येतो: 'अक्षर सुधारा.' आईला रात्रीचं जेवण जात नाही.

सरकारने काही केलं नाही असं मात्र म्हणू नये. यशपाल समितीने ओझ्याविना शिक्षण कसं असावं हे 1993 मध्येच सांगितलं. अहवाल छान होता, दप्तर होतं तसंच राहिलं. मग 2023-24 पासून राज्याने दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांतच कोरी पानं घातली. नोंदी पुस्तकातच झाल्या की वही न्यावी लागणार नाही, असा हिशेब. मुलं जाडजूड झालेलं पुस्तकही नेऊ लागली आणि वहीही. 2025 च्या सुरुवातीला निर्णय मागे घेतला गेला. मधल्या काळात बऱ्याच पानांनी आपलं कोरेपण जपलं.

हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन गृहस्थाने निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ करून माणूस किती वेगाने विसरतो हे मोजलं आणि 1885 मध्ये छापलं. निरर्थक मजकूर पाठ तर आपली मुलंही करतात, त्याला आपण प्रश्नोत्तरं म्हणतो. पण या गृहस्थाला असंही दिसलं की एका बैठकीत घोकण्यापेक्षा थोडी थोडी उजळणी दिवसांत वाटून केली की कमी कष्टात लक्षात राहतं. आपल्याकडे दिवेलागणीला परवचा म्हणत, पाढे, पावकी, निमकी, रोज तेवढंच. ते याच जातीचं होतं. (सोबत छडीही असे, तेव्हा उगाच गहिवरायला नको.) आता उजळणी परीक्षेच्या आदल्या रात्री होते, आणि तीही आईची. सकाळी रिक्षात बसताना तिला सगळं तोंडपाठ असतं.

उपाय कोणाला ठाऊक नाहीत असंही नाही. रोज तीच वेळ, तीच जागा, टीव्ही बंद, वीस मिनिटं. पुस्तक मिटून आठवेल ते सांगायचं. गणित चुकलं तर चुकलेलंच बाईंकडे जाऊ द्यायचं, कारण पोरगं हातचा कुठे विसरतं ते त्यांना त्यावरूनच दिसतं. दप्तर मुलाने भरायचं आणि काही राहिलं तर ते पोचवायला स्कूटर काढायची नाही. हे शेवटचं ऐकून आमच्या सोसायटीतल्या एका बाबांनी पंखा वाढवायला सांगितला.

त्याच सोसायटीतल्या एका आईने मात्र हा प्रयोग करून पाहिला. शाळेत प्रकल्पांचं प्रदर्शन होतं. राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर 2018 मध्ये बंदी आली, ती विद्युतपंपाने उडणाऱ्या कारंज्यांना आणि दिवे लावलेल्या किल्ल्यांना बहुधा लागू नसावी. एका किल्ल्याचा बुरूज तर वडिलांच्या ऑफिसातल्या आर्किटेक्टने काढला होता. या आईच्या मुलाने जुन्या पुठ्ठ्याची पवनचक्की स्वतः केली. ती एका बाजूला कलली होती आणि फुंकर मारली तरच फिरायची. कोणत्या बाजूने मारायची हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला हौसेने सांगत होता.

पहिला नंबर किल्ल्याला मिळाला. पवनचक्कीवाल्याच्या आईला बाईंनी थांबवून घेतलं आणि हळूच विचारलं, 'घरी सगळं ठीक आहे ना? नाही, मुलाकडे जरा लक्ष कमी पडतंय असं वाटलं.'

रात्री ग्रुपवर धीर द्यायला सगळे धावले. 'ताई, एकटीने सगळं नका हो ओढू.' 'पुढच्या वेळी हक्काने सांगा.' शेवटचा मेसेज अकरा वाजता किल्लेदाराच्या मम्मीचा होता: 'आमच्या ह्यांच्याकडे दोन मोटर आणि थोडा थर्माकोल उरलाय. तुमच्या मुलाला काही न सांगता उद्या पाठवून देऊ का?'