सव्वादोन मीटर

डोंबिवलीच्या त्या बाईंच्या पर्समध्ये एखाद्या दिवशी कंगवा नसेल, पण टेप असतेच. टेपेच्या जोडीला छोटी कात्री, टाचण्यांची डबी आणि काडेपेटी. काडेपेटी बघून नवखी माणसं दचकतात. दुकानदार "प्युअर कॉटन" म्हणाला की बाई कापडाच्या कडेचा एक धागा ओढून घेतात, बाहेर पायरीवर जाऊन तो पेटवतात आणि वास घेतात. कागद जळल्याचा वास आला आणि राख बोटांत चुरली, तर कापड सुती. धागा आक्रसून टोकाला टणक मणी झाला, तर त्यात पॉलिएस्टर आहे, मग दुकानदार कुठल्याही देवाची शपथ घेवो. त्याआधी कापडाचं टोक दोन्ही हातांत चोळून खळ किती आहे ते बघायचं, उभा आणि आडवा धागा ताणून बघायचा, आणि सगळ्यात आधी पन्हा विचारायचा, हे त्यांच्या हाताला आता सवयीनंच येतं.

यजमानांच्या प्रवासाच्या आठवणी देवळांच्या आणि जेवणाच्या असतात. बाईंच्या आठवणी पन्ह्याच्या: अमुक गावात ४४ इंची वॉयल मिळालं होतं, तमुक ठिकाणी उरेब पट्टीसाठी फार सुरेख लाल कटपीस होता आणि तो यजमानांच्या घाईमुळे राहिला.

फेब्रुवारीत नणंदेच्या घराची वास्तुशांत निघाली आणि बाई पहिल्यांदाच बारामतीला आल्या. मनात दोन गोष्टी होत्या. यजमानांच्या शर्टासाठी निळ्या चौकटीचं सुती कापड आणि नातीच्या फ्रॉकसाठी फुलाफुलांचं काही मऊसूत. मागणी अगदी साधी. साध्या मागणीनंच दुकानदार सगळ्यात जास्त गोंधळतात, हा शिवणाऱ्या सगळ्या बायकांचा अनुभव आहे.

बारामती हे मोरोपंतांचं गाव. १७२९ ते १७९४ हा त्यांचा काळ. बाबूजी नाईकांच्या आश्रयाला राहून त्यांनी कऱ्हेकाठी आर्यांचे डोंगर रचले. एकशे आठ रामायणं लिहिली असं सांगतात, आणि त्यांत एक निरोष्ठ रामायण आहे, म्हणजे ओठाला ओठ न लावता म्हणायचं. प, फ, ब, भ, म ही अक्षरंच नाहीत. यजमान मोरोपंतांचा वाडा बघायला गेले आणि बाई गांधी चौकाच्या बाजूला पेठेत शिरल्या. तिथं एक गोष्ट पहिल्या पाच मिनिटांत सिद्ध झाली. पंतांनी रामायण निरोष्ठ लिहिलं असेल, पण कापडाचं दुकान निरोष्ठ चालवणं त्यांनाही जमलं नसतं. कापड, पन्हा, मीटर, पॉपलिन, फॉल, पिको, ब्लाउजपीस, मॅचिंग. ओठ मिटल्याशिवाय साधा रुमालसुद्धा मागता येत नाही.

दुकानातल्या पोरानं अदबीनं विचारलं, "बोला ताई, काय दाखवू?"

"शर्टाचं सुती कापड. निळी चौकट. छत्तीस पन्ह्यात सव्वादोन मीटर."

"लग्न कधी आहे?"

"लग्न नाही."

"मग आहेर कुणाला करायचाय?"

"आहेर नाही हो. शिवायचंय."

पोरानं गल्ल्यावरच्या मालकांकडं बघितलं. मालकांनी चष्मा वर केला. बाईंना त्या क्षणी कळलं नाही, पण त्या गावात हा प्रश्न त्यांना सगळीकडं भेटणार होता.

याचं कारण गादीवर बसलेलं होतं. फेब्रुवारी म्हणजे कारखान्यांची धुराडी पेटलेली, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आणि पेठेत लग्नसराई. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती, या कारखान्यांच्या पट्ट्यात उसाचं बिल खात्यावर जमा झालं की घरातली उपवर मुलं-मुली आपोआप आठवतात. लग्न ठरलं की बस्ता. शहरातल्या वाचकांसाठी सांगायचं तर दोन्हीकडच्या माणसांनी एका दिवशी, एका दुकानात बसून लग्नाचं सगळं कापडचोपड एकदम घ्यायचं, त्याला बस्ता म्हणतात. बसतात मात्र खरंच. नवरी, नवरदेव, दोन्हीकडच्या आया, चुलत्या, मावश्या, आत्या, थोरली जाऊ, धाकटी जाऊ, गावचे दोन जाणते आणि वाहन चालवणारा. जीपभर माणसं येतात. वाहन चालवणाऱ्याचं मत नवरदेवाच्या मतापेक्षा जास्त विचारलं जातं, कारण त्यानं या मोसमात बरेच बस्ते पाहिलेले असतात.

बाई कोपऱ्यात टेकून बघत राहिल्या. हिरवा शालू, हळदीची पिवळी साडी, नवरदेवाचा पोशाख इथवर सगळं सुरळीत चाललं. खरी परीक्षा मानाच्या साड्यांची. यादी काढली गेली. मामीला कितीची, आत्याला कितीची, आणि आत्याची साडी मामीच्या साडीपेक्षा पन्नास रुपयांनी कमी आहे हे आत्याला कोण सांगणार? नवरीच्या आईनं एक जांभळी साडी बाजूला ठेवली. नवऱ्याच्या चुलतीनं ती उचलून परत ढिगात टाकली. दोघी एकमेकींकडं बघून हसल्या. त्या हसण्यात पुढच्या वीस वर्षांच्या संसाराची रूपरेषा होती. मालकांनी लगेच चहा सांगितला. कापडाच्या धंद्यात चहा नेमका कधी सांगायचा, हे ज्याला कळतं तो दुकान वाढवतो.

मग टॉवेल-टोप्या. मग फेट्यांचं कापड. मग आहेराचे पॅन्टपीस-शर्टपीस, खोक्यांच्या थप्प्याच. या सगळ्यातून शिवणयंत्राखाली जाणारं कापड किती? नवरदेवाचा पोशाख आणि नवरीची ब्लाउजं, बाकीचं गुंडाळायचं, बांधायचं किंवा द्यायचं. बाईंचं सव्वादोन मीटर त्या महापुरात कुठं दिसणार?

तरी त्या चिवट. त्यांनी पोराला हिशेब समजावला. पूर्ण बाहीचा शर्ट ३६ पन्ह्यात सव्वादोन मीटर खातो, ५८ पन्ह्यात एक मीटर साठ सेंटिमीटरमध्ये भागतो. म्हणजे ५८ पन्ह्याचं कापड मीटरमागे महाग दिसलं, तरी शर्टामागे महाग असेलच असं नाही. पोरगं कौतुकानं ऐकत होतं. शेजारची एक आजी म्हणाली, "वारात सांग की गं." वार म्हणजे ३६ इंच, ९१ सेंटिमीटरच्या जरा वर. १९५८ पासून देशात मेट्रिक मापं टप्प्याटप्प्यानं आली, दुकानातली पट्टी मीटरची झाली, पण नऊवारीला सव्वाआठ मीटरी म्हणणारी बाई अजून महाराष्ट्रात जन्माला यायची आहे.

निळी चौकट मिळाली नाही. टेरिकॉट होतं, शाळेच्या गणवेशाचं. ते घातलं असतं तर यजमान पाचवी ब मध्ये बसले असते.

घरी आल्यावर नणंदबाई म्हणाल्या, "वहिनी, दुकानात कशाला गेला? कपाट उघडा की." कपाट उघडलं. आत दुकान होतं. वरच्या कप्प्यात पारदर्शक झाकणाची आहेराची खोकी, खालच्या कप्प्यात ओटीचे ब्लाउजपीस. प्रत्येक खोक्यात एक चिठ्ठी, कुणाकडून आलं त्याची. ही चिठ्ठी भावनेपोटी ठेवलेली नसते. तोच पीस त्याच घरी परत जाऊ नये एवढ्यासाठी असते. एका खोक्यात चार चिठ्ठ्या निघाल्या. बारामतीत आलेलं कापड तिथून सणसरला गेलं होतं, निमगाव केतकीला गेलं होतं, इंदापूर करून परत आलं होतं. तुकोबांच्या पालखीचे मुक्काम याच क्रमानं आहेत. पालखी पुढं सराटीवरून अकलूजला जाते. खोकं अजून गेलं नव्हतं, पण अकलूजला चैत्रात एक लग्न होतं.

ब्लाउजपीसांची तऱ्हा वेगळी. पीस ८० सेंटिमीटरचा असावा असा समज आहे. ओटीसाठी गठ्ठ्यानं येणारा पीस टेपेवर धरला की समज दूर होतो, आणि उजेडात धरला की पलीकडची भिंत दिसते. त्याचं ब्लाउज होत नाही, पाटावर घालायचं कापड होतं. या पीसाला सुई लागावी अशी अपेक्षा देणारीचीही नसते आणि घेणारीचीही नसते. तो नारळाबरोबर येतो आणि दुसऱ्या नारळाबरोबर जातो. इतकं एकमतानं चाललेलं दुसरं काही महाराष्ट्रात दाखवा.

गंमत म्हणजे याच बारामतीत शिवणकामाचा अख्खा पार्क आहे. केंद्र सरकारनं २००५ साली एकात्मिक वस्त्रोद्योग पार्कांची योजना आणली, तिच्यातून एमआयडीसीत बारामती हाय-टेक टेक्स्टाइल पार्क उभा राहिला. तिथं तयार कपडे शिवले जातात आणि काम करणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येनं आहेत. बाईंचे डोळे चमकले, पण नणंदबाईंनी समजावलं. तिथं कापड येतं ते ठरलेल्या मागणीपुरतं, रोलच्या रोल, आणि कपडा होऊन बाहेर जातं. सव्वादोन मीटर मोजून द्यायला तिथं गल्ला नाही. म्हणजे गावात जिथं शिवतात तिथं विकत नाहीत, आणि जिथं विकतात तिथलं शिवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सगळे इंदापूरला निघाले. पन्नासेक किलोमीटरचा रस्ता. वाटेत काटेवाडी लागते. आषाढात तुकोबांची पालखी इथं येते तेव्हा परीट मंडळी रस्त्यावर धोतरांच्या पायघड्या घालतात. पालखी त्यांच्यावरून जाते, आणि मग धनगरांच्या मेंढ्या पालखीभोवती धावतात, मेंढ्यांचं रिंगण. लोक ते बघायला लांबून येतात. कापडावर भक्ती करण्याची ही रीत शिवणाऱ्या माणसाला विचारात पाडते. वारकऱ्यांच्या संतांत नामदेव शिंपी आहेत, पण पायघडीला शिंप्याची गरजच नाही. सुई नको, दोरा नको, काज नको. बाईंनी एवढंच विचारलं की नंतर ती धोतरं धुतं कोण. परीटच धुणार, हे उत्तर ऐकून त्यांना बरं वाटलं. काम योग्य माणसांकडं होतं.

मेंढ्या आहेत तिथं घोंगडी आलीच. ओघानं बाईंनी माहिती काढली की घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात. त्या एकदम खूश. पॉपलिनची खळ त्यांना फसवणूक वाटते, कारण पहिल्या धुण्यात ती जाते आणि हातात जाळी उरते. घोंगडीची खळ मात्र उघडपणे सांगून दिलेली असते. प्रामाणिक खळ.

इंदापूर म्हणजे मालोजीराजांचं गाव. शिवछत्रपतींचे आजोबा याच इंदापूरच्या लढाईत पडले. यजमान पुन्हा इतिहासाकडं गेले, बाई पुन्हा पेठेकडं. एका जुन्या दुकानात, उंच जोत्याच्या, लाकडी फळ्यांच्या, शेवटी त्यांना हवा तो माणूस भेटला. म्हातारे गृहस्थ. पायरीवर त्यांच्या ओळखीचा शिंपी मशीन टाकून बसलेला. बाई म्हणाल्या, "शिवायचंय." म्हातारे म्हणाले, "मग बसा."

या तालुक्यांत कापड शिवलं जातं ते कुठलं, याचं उत्तर त्या फळ्यांवर होतं. पांढरं. मांजरपाट, पॉपलिन, कॅम्ब्रिक, लिनन, खादी, सगळं पांढरं. म्हाताऱ्यांच्या वयाच्या माणसांना धोतराबरोबर सदरा लागतो आणि टोपी लागते. त्यांच्या नातवांना पांढरा शर्ट लागतो, कडक इस्त्रीचा, कारण बारामती-इंदापूरच्या मातीत ऊस आणि कार्यकर्ते ही दोन्ही पिकं बारमाही येतात. मोरोपंतांनी एका रामकथेचे एकशे आठ प्रकार केले. म्हाताऱ्यांनी एका पांढऱ्याचे किती केले ते बाईंनी मोजलं नाही. दुधी पांढरा, निळीची झाक असलेला पांढरा, मोतिया, हस्तिदंती. सरपंचाचा पांढरा वेगळा आणि कारखान्याच्या संचालकाचा वेगळा. निवडणूक लागली की लिनन संपतं.

"निळी चौकट?" बाईंनी क्षीण आवाजात विचारलं.

"डाग दिसत नाही ना त्यावर," म्हातारे म्हणाले. "मग इस्त्रीचा उपयोग काय?"

बाईंनी पांढरं पॉपलिन घेतलं. धागा ओढून पेटवला, राख चुरली, वास कागदाचा. शिंप्यानं मशीन थांबवून हे सगळं पाहिलं आणि नंतर आपल्याही काडेपेटीसाठी खिसा चाचपला. म्हातारे म्हणाले, "सॅनफोराइज आहे. आटणार नाही." सॅनफर्ड क्लुएट नावाच्या अमेरिकन माणसानं १९३० साली कापड आधीच आटवून ठेवायची युक्ती काढली, तिचं हे नाव. इंदापूरच्या पेठेत ते अजून देवाच्या नावासारखं घेतात.

परत येताना पुणे-सोलापूर रस्त्यानं आले, भिगवणवरून. १९८० साली उजनी धरण झालं आणि भीमेचं पाणी इथं पसरलं. हिवाळ्यात त्यावर रोहित पक्षी उतरतात. सगळ्यांनी फोटो काढले. बाई पंखांचा गुलाबी रंग बघत होत्या, नातीच्या फ्रॉकला तोच हवा होता. नावाड्यानं सांगितलं की तो रंग त्यांच्या खाण्यातून येतो, आणि ते खरं आहे. खाणं बदललं तर तो फिका पडतो. म्हणजे निसर्गसुद्धा रंग पक्का असल्याची हमी देत नाही, दुकानदार मात्र देतात.

डोंबिवलीत बाईंनी पॉपलिन रात्रभर भिजत घातलं आणि सकाळी मोजलं. मीटरमागे तीन सेंटिमीटर आटलं होतं. सॅनफोराइज नव्हतं, पण सुती नक्की होतं. शर्ट झाला. यजमानांना आता इमारतीतली मुलं "अध्यक्ष" म्हणतात.

कुणाला बारामती-इंदापूरकडं कापडासाठी जायचं असेल तर लग्नसराईत जाऊ नका. पितृपक्षात जा. बस्ते बंद असतात, गाद्या रिकाम्या असतात, मालक निवांत बोलतात आणि सव्वादोन मीटर मागितलं तरी तागा काढून दाखवतात. शिवायचं आहे हे दारातच सांगा, आणि रंगीत सुती हवं असेल तर ते पुण्याहून घेऊन जा.