बिजवराची फाइल

तीर्थस्वरूप समस्त स्थळशोधक काका, मामा, आत्या आणि मावश्या यांस,

सान्ता क्लारा कौंटीहून तुमच्या आज्ञाधारक भाचीचे शि. सा. न. वि. वि.

पत्र उघडं लिहिते आहे, कारण एकेकाला वेगळं उत्तर देत बसले तर मला नोकरी सोडावी लागेल. तुमचा निरोप साधारण एकाच साच्याचा असतो. मुलगा इकडचा, पस्तिशी ओलांडलेला, चांगल्या कंपनीत, स्वतःचं घर, निर्व्यसनी, आणि जाहिरातीच्या अगदी शेवटी, पैसे वाचवावेत तसं आखडून लिहिलेलं ‘नाममात्र घटस्फोटित’. मग फोनवर आवाज उतरतो. “तू तिथेच असतेस ना? जरा कोर्टात डोकावून ये. नेमकं काय झालं होतं ते कळलं म्हणजे बरं.” कोर्ट म्हणजे जणू कोपऱ्यावरचं इंडियन स्टोअर, मेथीची जुडी घेता घेता एक घटस्फोटही पिशवीत टाकायचा.

तुमच्या चिकाटीचं मला कौतुक आहे. प्रथमवराला तुम्ही गोत्र, नाडी, मंगळ आणि पगाराची स्लिप एवढ्यावर सोडता. बिजवराला मात्र थेट न्यायालयीन दप्तर. तेव्हा घ्या, कृती सांगते.

सगळ्यात आधी ‘अमेरिकेतलं कोर्ट’ हे शब्द विसरा. एकट्या कॅलिफोर्नियात ५८ कौंट्या आहेत, प्रत्येकीचं स्वतःचं सुपीरियर कोर्ट आहे आणि प्रत्येकीचं दप्तर वेगळं. मुलाचं नाव टाकलं आणि अख्ख्या राज्यातले खटले समोर आले, अशी सोय नाही. कौंटी आधी तुम्हाला ठाऊक हवी. घटस्फोटाचा अर्ज करायचा तर नवरा-बायकोपैकी एकाने तरी राज्यात सहा महिने आणि त्या कौंटीत तीन महिने राहिलेलं असावं लागतं. म्हणून मुलगा आज कुठे राहतो हे विचारून उपयोग नाही. त्या वेळी कोण कुठे राहत होतं ते विचारा. मिल्पीटासला असतील तर फाइल सान्ता क्लारात. तिथून शेजारच्या फ्रीमाँटला बिऱ्हाड हलवलं असेल तर अलमीडात. घरभाड्यामागे धावणाऱ्या आमच्या इंजिनिअरांनी अशा सरहद्दी किती वेळा ओलांडल्या असतील ते त्यांनाच माहीत.

मग नाव. तुम्ही सांगता ‘आपल्या जोश्यांचा’. इथल्या नोंदवहीत जोशी भरपूर आहेत, आणि वडिलांचं नाव कुणी मधलं म्हणून लिहितं, कुणी एका अक्षरावर उरकतं, कुणी गाळून टाकतं. तेव्हा बायकोच्या माहेरच्या आणि सासरच्या, दोन्ही आडनावांनी शोधावं लागतं. खटल्याचा क्रमांक मिळाला तर देव पावला. कारकुनाला नावावरून शोधायला दहा मिनिटांहून जास्त लागली तर पंधरा डॉलर शोधणावळ पडते. आणि अर्जदार बायको दिसली म्हणून लगेच ‘तिनेच मोडलं’ असा निकाल देऊ नका. जो आधी कागद भरतो तो अर्जदार, एवढाच त्याचा अर्थ.

आमच्या कौंटीचं कुटुंब न्यायालय सॅन होजेत नॉर्थ फर्स्ट स्ट्रीटवर, २०१ क्रमांकाच्या इमारतीत आहे. २०१६ साली ती उघडली. त्याआधी हा कारभार निरनिराळ्या इमारतींत पसरलेला होता. त्याच रस्त्यावरून लाइट रेल जाते, हे तुमच्या माहितीसाठी, म्हणजे ‘गाडी लावायला जागा मिळत नाही’ ही माझी सबब तुम्ही धरणार नाही.

आता तुमचा लाडका प्रश्न: “ऑनलाइन नाही का दिसत?” खटला आहे, कधी दाखल झाला, कोणत्या तारखेला काय झालं, ही यादी बऱ्याच कौंट्यांत घरबसल्या दिसू शकते. कागद मात्र दिसत नाहीत. कॅलिफोर्नियाच्या न्यायालयीन नियमावलीतला २.५०३ हा नियम सांगतो की कौटुंबिक खटल्यांतली कागदपत्रं तिऱ्हाइताला संगणकावर पाहायची असतील तर ती कोर्टाच्या इमारतीत येऊन. फाइल उघडी, पण उंबरठ्याच्या आत. रात्री साडेअकराला पलंगावर लोळत परक्याचा संसार चाळावा ही सोय नाही. ज्याला खरोखर गरज आहे तो रजा काढून येईल, सुरक्षा तपासणीत पट्टा काढेल, रांगेत उभा राहील. मला हा नियम फार आवडतो. तुम्हाला आवडणार नाही.

समजा, गेले. प्रत हवी तर पानाला पन्नास सेंट. सत्तर पानांची फाइल असेल तर पस्तीस डॉलर. आणि एवढ्या पानांत, काका, तुम्हाला हवं ते नसतं.

झालं असं, की १९६९ साली कॅलिफोर्नियाचे तेव्हाचे गव्हर्नर रोनाल्ड रीगन यांनी एका कायद्यावर सही केली आणि १ जानेवारी १९७० पासून या राज्यात घटस्फोटासाठी कुणाचा दोष दाखवण्याची गरज उरली नाही. देशात हे पहिलंच राज्य. रीगन स्वतःही घटस्फोटित होते. तेव्हापासून अर्जावर एक चौकोन असतो, ‘मिटू न शकणारे मतभेद’. त्यात खूण करायची. बस्स. ‘सासू छळायची’, ‘तो उशिरा यायचा’, ‘तिला स्वयंपाक येत नव्हता’, यातलं काही लिहायला जागाच नाही. उलट फॅमिली कोडचं २३३५ वं कलम म्हणतं की घटस्फोटाच्या खटल्यात एकमेकांच्या गैरवर्तनाचे पुरावे, कायद्याने दिलेले अपवाद सोडता, आणूच नयेत. तुम्ही ज्याला ‘नेमकं काय झालं होतं’ म्हणता ते शोधायला मी कोर्टात जाणार, आणि हाती येणार काय, तर चौकोनातली एक खूण. ती पन्नास सेंटांत पडते.

आत्याबाईंना वाटेल, नसू दे कारण, पैशाचं तर कळेल. थोडंसं. पोटगीचा प्रश्न असेल तर उत्पन्न-खर्चाचा तक्ता फाइलला लागलेला असतो आणि त्यात तो घरभाड्यावर किती आणि बाहेर खाण्यावर किती खर्च करतो हेही असतं. पण मालमत्तेची प्राथमिक यादी नवरा-बायकोंनी एकमेकांना द्यायची असते, कोर्टात भरायची नसते. फाइलला लावलेली आयकराची विवरणपत्रं कोर्ट सीलबंद ठेवतं. मुलांच्या ताब्यासाठी तज्ज्ञाने केलेला अहवाल गोपनीय. समझोत्याचा करार निकालाला जोडलेला असेल तर घर कुणाला, गाडी कुणाला, निवृत्तीच्या खात्याची वाटणी कशी, हे दिसेल. कुत्रा असेल तर तोही दिसेल. २०१९ पासून कुत्र्या-मांजराची काळजी कोण घेतं हे पाहून ताबा देण्याची मुभा जजला आहे. बिजवराच्या स्वभावाची खरी माहिती मला वाटतं त्याच कलमात मिळेल.

“आणि एवढं उघडं तरी का ठेवतात?” हा प्रश्न मला आवडला होता, पण तो विचारणाऱ्या मामांनी उत्तराची वाट न पाहता फोन ठेवला. कोर्टाचं काम लोकांसमोर चालावं, जज कुणाला झुकतं माप देतो का ते दिसावं, म्हणून. इथे रॉन बर्कल नावाचे सुपरमार्केटवाले अब्जाधीश आहेत. पैशांची माहिती असलेली कागदपत्रं पक्षकाराने मागताच सीलबंद व्हावीत असा कायदा राज्याने केला होता आणि बर्कलना आपल्या घटस्फोटात तो वापरायचा होता. २००६ साली अपील कोर्टाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. सरसकट झाकपाक चालणार नाही. म्हणजे अब्जाधीशाचाही संसार उघडा राहिला, तो लोकांनी न्यायालयावर नजर ठेवावी म्हणून. मुलीच्या मावशीने ठेवावी म्हणून नव्हे, पण कायद्यात मावशीला वगळणारं कलम नाही, हेही खरं.

आता आपल्याकडचं पाहा. वांद्र्याचं किंवा शिवाजीनगरचं कुटुंब न्यायालय घ्या. परस्परसंमतीचा अर्ज असेल तर गोष्ट वेगळी, पण एकतर्फी अर्ज करायचा तर हिंदू विवाह कायद्यातलं कारण लागतं, आणि बहुतेक वेळा ते ‘क्रूरता’ असतं. मग परिच्छेदामागून परिच्छेद: दिवाळीला काय घडलं, सासरे काय म्हणाले, दागिने कुणाच्या लॉकरला. तुम्हाला वाचायला हवं ते सगळं तिथे शब्दशः असतं. फक्त त्याच कायद्याचं २२ वं कलम सांगतं की सुनावणी बंद दाराआड व्हावी आणि त्यातला मजकूर छापू नये. छापला तर हजार रुपयांपर्यंत दंड. तिऱ्हाइताला नक्कल हवी तर अर्ज करा, कारण सांगा, परवानगी मिळते का बघा. इकडे दार उघडं आणि कपाट रिकामं, तिकडे कपाट भरलेलं आणि दाराला कुलूप. दोन्ही देशांच्या कायदेमंडळांनी तुमचाच विचार करून ही व्यवस्था लावली असावी असा मला दाट संशय आहे.

तरीही एक कागद मागाच, आणि तो माझ्याकडे नका मागू. एफएल-१८०. हा निकालाचा फॉर्म. त्याचं पहिलं पान वाचा. त्यावर वैवाहिक नातं कोणत्या तारखेला संपलं ते लिहिलेलं असतं. ही तारीख महत्त्वाची, कारण इथे अर्ज टाकला म्हणजे घटस्फोट झाला असं नसतं. समन्स बजावल्यापासून किमान सहा महिने जावे लागतात, आणि पुढचे कागद कुणी भरलेच नाहीत तर खटला नुसता पडून राहतो. बिजवर प्रामाणिकपणे ‘झालाय’ म्हणतो आणि कोर्टाच्या लेखी तो अजून कुणाचा तरी नवरा असतो. दुसरं, त्याच पानावर असतं की समोरची बाजू स्वतः कोर्टापुढे आली होती की तिला नुसतं समन्स बजावलं होतं, आणि निकाल वाद होऊन लागला की बिनविरोध.

हे का बघायचं? तिरुपतीला १९७५ साली हिंदू पद्धतीने लग्न झालेल्या एका जोडप्यातल्या नवऱ्याने १९८० साली मिसुरी राज्यातल्या सेंट लुइस कौंटीच्या कोर्टातून घटस्फोट मिळवला आणि नंतर दुसरं लग्न केलं. पहिल्या बायकोने द्विविवाहाची फिर्याद केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९१ साली न्यायालयाने सांगितलं की ज्या कायद्याखाली लग्न झालं त्यात नसलेल्या कारणावर, आणि बायकोने त्या कोर्टाचा अधिकार स्वेच्छेने मानलेला नसताना दिलेला असा हुकूम भारतात चालणार नाही. शिवाय नवऱ्याने पुरावा म्हणून जोडली होती ती निकालाची साधी छायाप्रत. तीही पुरावा म्हणून ग्राह्य धरली नाही. म्हणजे पहिली बायको साताऱ्याला माहेरी बसलेली आणि कॅलिफोर्नियाचा निकाल तिच्या गैरहजेरीत लागलेला, असं दिसलं तर याद्या करण्याआधी वकील गाठा. ‘स्वभाव कसा आहे’ त्यानंतर.

आणखी एक, आणि इथे थट्टा थांबवते. तुमची खरी धास्ती मारहाणीची असेल तर नुसत्या घटस्फोटाच्या फाइलवर थांबू नका. घरगुती हिंसाचारातला संरक्षक आदेश वेगळ्या क्रमांकाखाली असू शकतो. मुलाचं नाव घेऊन कोर्टाच्या खिडकीवर त्याची स्वतंत्र चौकशी करता येते, आणि त्या कामाला मी रजा काढून जाईन. तिथे एखाद्या बाईचं नाव मात्र दिसलं तर ते कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाणार नाही, एवढं आधी कबूल करा.

बाकी एफएल-१८० मुलानेच आणावा. घटस्फोटाच्या निकालाच्या प्रमाणित प्रतीला कोर्ट सध्या पंधरा डॉलर घेतं. खटला क्रमांक, धनादेश आणि आपला पत्ता लिहिलेला, तिकीट लावलेला लिफाफा पाठवला की ती टपालानेही मिळते. भारतात दाखवायची तर सॅक्रामेंटोला राज्य सचिवांच्या कार्यालयातून वीस डॉलरात त्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी शिक्का, करून घ्यावं. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. तुमचा बिजवर फार जुना असेल, म्हणजे १९६२ ते जून १९८४ या काळात सुटलेला, तर राज्याच्या आरोग्य खात्याकडून घटस्फोट झाल्याचा नुसता दाखला मिळतो, निकाल नाही. पण तसं स्थळ तुम्ही कुणासाठी बघताय ते मला आधी कळवा.

प्रत आणि अपोस्टिलचे हे एकूण पस्तीस डॉलर वरपक्षाने सोसायचे की वधूपक्षाने, हे याद्यांच्या बैठकीत मानपानाच्या आधी ठरवून घ्यावं. माझ्या नावावर टाकू नये.

आपली,
कोर्टाच्या वाटेवर न राहणारी भाची