मुठीतलं बिऱ्हाड

"भाऊ, आता सगळं जग मुठीत," असं कळंबच्या बाजारपेठेत फोन विकणाऱ्या पोरानं मला सांगितलं होतं. जग मुठीत आलं, नाही असं नाही. त्याचं बिऱ्हाड मात्र पिशवीत भरावं लागलं. फोन दोनशे ग्रॅमचा. त्याच्याबरोबर बोटाचा ठसा घ्यायचं यंत्र, ते जोडायची ओटीजी वायर, पावती छापणारा वीतभर प्रिंटर, त्याचा वेगळा चार्जर, पॉवर बँक, शिवाय एकाची रेंज गेली तर असावी म्हणून दुसऱ्या सिमचा जुना फोन. एकदा किराणा दुकानातल्या काट्यावर पिशवी ठेवून बघितली. दोन किलो आठशे. दुकानदार म्हणाला, "एवढ्यात पीठ न्या की, घरात कामाला तरी येईल."

माझा धंदा असा की, मी गावात आधारवर पैसे काढून देतो. आकडा टाकायचा, बोट टेकवून घ्यायचं, पैसे मोजून द्यायचे. एका वेळी जास्तीत जास्त १०,००० रुपये. गावात याला 'थंब' म्हणतात. "आज थंब हाय का?" असं लोक विचारतात, जसं डेअरीवर "दूध घ्यायलेत का?" विचारावं तसं.

अडचण अशी की, फोनला तोंड एकच. त्याच तोंडानं जेवायचं आणि त्याच तोंडानं काम करायचं. ठशाचं यंत्र लावलं की चार्जर लावता येत नाही. त्यातून ते यंत्र स्वतःचं काही खात-पीत नाही, फोनच्याच ताटातलं ओढतं. पगाराच्या, म्हणजे निराधारांच्या पैशांच्या दिवशी मारुतीच्या पारावर चाळीस माणसं बसलेली, आणि अकरा वाजता फोन अकरा टक्क्यांवर. मग मी म्हणायचो, "जरा थांबा, फोन जेवतोय." लोकांना त्यात गैर काही वाटायचं नाही. बैलाला वैरण टाकेपर्यंत थांबायची सवय इथं सगळ्यांनाच आहे.

दुसरी अडचण बोटांची. जन्मभर खुरपं धरलेल्या आजीच्या बोटावर रेषा कुठून राहणार? आणि बोट कोरडं असलं की काचेवर नीट टेकत नाही, ठसा फिक्का येतो. त्यावर आमचा उपाय म्हणजे बोट स्वतःच्या डोक्यावरून फिरवायचं. केसांचं तेल लागतं, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी उठतोही ठसा. पण तोवर आजीनं जोर लावून यंत्र अर्ध्या पारावर सरकवलेलं असतं, वायर ताणलेली असते आणि फोनचं ते एकुलतं एक तोंड सैल झालेलं असतं. दोन वर्षांत मी ते तीनदा बदलून घेतलं. दात बसवणाऱ्याकडे जावं तसा मी मोबाइल रिपेअरवाल्याकडे जायचो.

तेव्हा माझ्या डोक्यात आलं की, या सगळ्याला एक घर पाहिजे. फोन बसेल, यंत्र हलणार नाही, वायर ताणणार नाही आणि जेवण-काम बरोबर चालेल असं घर. इंग्रजीत त्याला डॉक म्हणतात, आमच्या सुतारमामांनी त्याला गव्हाण म्हटलं.

तयारी म्हणून थोडं वाचलं. १९९६ साली पाम पायलट नावाचा हातातला संगणक अमेरिकेत आला. त्याचा कर्ता जेफ हॉकिन्स. यंत्र तयार व्हायच्या आधी हा गृहस्थ खिशात लाकडाचा ठोकळा घेऊन फिरायचा, कुणी भेटीची वेळ विचारली की ठोकळा काढून त्यावर काडीनं लिहिल्यासारखं करायचा. खिशात किती माप बरं पडतं ते त्याला बघायचं होतं. आमच्याकडे हे केलं असतं तर संध्याकाळच्या आत त्याला देवऋष्याकडे नेलं असतं. पुढं पायलट आला तो स्वतःच्या पाळण्यासकट. पाळण्यात ठेवायचा, एक बटण दाबायचं, की टेबलावरच्या संगणकाशी त्याचा हिशोब जुळायचा.

आपणही मागे नव्हतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी एका कंपनीच्या जोडीनं २००१ मध्ये सिम्प्युटर दाखवला. गरिबांचा, हातात मावणारा. त्यात स्मार्ट कार्डाची खाच होती. कल्पना अशी की, गावात यंत्र एक आणि कार्ड ज्याचं त्याचं. २००४ मध्ये तो बाजारात आला आणि फारसा खपला नाही. पण कल्पना वाया गेली असं मी म्हणणार नाही. गावात यंत्र एकच आहे, ते माझ्या पिशवीत. कार्डाच्या जागी बोट आलं एवढंच. कार्ड झिजलं तर निदान दुसरं तरी मिळालं असतं.

असो. हॉकिन्सचं लाकूड डोक्यात घेऊन मी मामांकडे गेलो. त्यांनी फोन उलटापालटा करून बघितला. "खाच किती?" मी म्हटलं, "फोन बसेल एवढी." त्यांनी मागच्या कॅमेऱ्यावरून बोट फिरवलं. "आन ह्याला हे गळू आलंय, त्याचं?"

गळवासाठी वेगळा खड्डा पडला. लिंबाची सुंदर गव्हाण तयार झाली. फोन असा बसला की मामांनी ती उलटी धरून दाखवली तरी पडेना. लाकूड नुकतंच कापलेलं, ओलं होतं, एवढी एक गोष्ट आम्ही दोघांनीही मनावर घेतली नाही. महिना मे. आमच्या जिल्ह्यातल्या उन्हापुढं माणसं आक्रसतात, तिथं लिंबाची काय कथा. तिसऱ्या दिवशी फोन निघेना. त्यात कॉल येत होते. मी लाकडाला कान लावून "हॅलो, हॅलो" करत होतो आणि शेजारची पोरं दारात जमत होती. पहाटे पाचचा गजर लाकडातून वाजला तेव्हा सौ. म्हणाल्या, "एक तर त्याला बाहेर काढा, नाही तर दोघंही बाहेर झोपा." मामांनी पटाशी लावली. लावण्याआधी विचारलं मात्र, "कोणतं वाचवू?"

पुढची गव्हाण सुचली ती एका लग्नानंतरच्या गोंधळात. तुळजापूरकडचे गोंधळी आले होते. कमरेला संबळ बांधलेला, धातूचे दोन वाटोळे नगारे एकमेकांना जोडलेले, वजनदार. पण दोन्ही हात मोकळे, आणि माणूस नाचतोय रात्रभर. मी पुढं सरकून पट्टा कुठं बांधलाय, गाठ कशी मारलीय, भार कुठं पडतोय ते बघू लागलो. सौ.नी कोपर मारलं. "लोक देवीकडं बघायलेत. तुम्ही त्यांच्या कमरेकडं काय बघायलात?"

तुळजापूरच्या वाटेवर शेकडो वर्षं वाजत आलेल्या त्या संबळापुढं पामचा पाळणा मला पोरकट वाटला. टेबल लागतंच कशाला? प्लायवूडची फळी घेतली. चप्पल शिवणाऱ्या मामांकडून दोन पट्टे लावून घेतले, एक गळ्यात, एक कमरेला. सोलापूरहून एक हब आणला, ज्यातून वीज आत जाते आणि ठशाचं यंत्रही चालतं. दुकानदारानं बजावलं होतं की सगळ्या फोनांचं आणि हबांचं गोत्र जुळत नाही. माझ्या फोनचं जुळलं. यंत्रावर ऊन पडलं की ठसा बिघडतो, म्हणून तेलाचा प्लॅस्टिक कॅन कापून त्याला छप्पर केलं.

पहिल्या दिवशी एक घोळ झाला. यंत्र मी माझ्याकडं तोंड करून बसवलं होतं. समोरच्या माणसाला मनगट मोडून बोट टेकवावं लागे. एका मामांनी तर चक्क माझ्या मागं येऊन, माझ्या खांद्यावरून हात घालून ठसा दिला. फोनचं तोंड माझ्याकडं आणि यंत्राचं तोंड गिऱ्हाइकाकडं, एवढं कळायला मला एक आख्खा दिवस लागला.

मग गेलो अंथरुणाला खिळलेल्या एका आजीकडे, तिला पारापर्यंत येणं होत नाही म्हणून. तिनं मला दारात बघितलं. गळ्यात पट्टा, पोटावर फळी. तिनं हात जोडले. "गोंधळी आला व्हय रं? कुठला तू?" मी म्हटलं, "आजी, थंब." बोट डोक्यावरून फिरवलं, छपराखाली टेकवलं. ठसा उठला, पण स्क्रीनवर चाक फिरू लागलं. वरचा सर्व्हर जागा व्हायचा होता. पाच मिनिटं झाली.

"नुसताच हुबा काय राहिलास? म्हण की कायतरी," आजी म्हणाली.

मला काही येईना. तिनंच उशीला टेकून "आई राजा उदो उदो" म्हटलं, दोनदा. सुनेनंही म्हटलं. पोटाखालून कर्रर्र करत पावती बाहेर आली. मी दीड हजार मोजून आजीच्या हातात दिले. सुनेनं आतून सूप आणलं आणि मी नको-नको म्हणेपर्यंत ओंजळभर ज्वारी त्या प्लॅस्टिकच्या छपरात ओतली.

परवा पारावर एकाचा ठसा काही केल्या उठेना. यंत्र डुगडुगत होतं. फळी उलटी करून झटकली तर खालून ज्वारीचे दोन दाणे पडले.