जोड बघणारे तात्या

कोल्हापूरच्या खासबागेत कुस्ती लावताना वस्ताद जोड बघतात. आमचे तात्या निवडणुकीतली जोड बघतात. समोरच्याकडे पाहून आपण फार तर वय ओळखू, तात्या त्याच्यामागची मतं ओळखतात. "एकटाच हाय. गठ्ठा न्हाई," म्हणाले की त्या माणसाचं राजकारण संपलं.

सकाळी सहाला ते गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर भेटतात. हातात नुकत्या काढलेल्या धारेचा ग्लास, मिशीला फेस. पतसंस्था असो, कारखाना असो, नाहीतर तालमीची कार्यकारिणी, पॅनेलचा एक नंबर घरात ठरवूनच लोक येतात. तात्यांकडे दोन नंबरचं काम असतं. (हा शब्द इथे सरळ अर्थाने घ्यावा.) "एक नंबर कुणीबी हुतोय ओ. कसब सगळं दोन नंबरात."

'गोकुळ' दूध संघाची निवडणूक लागली की तात्यांची तब्येत सुधारते. मत गावोगावच्या दूध संस्थांच्या ठरावधारकांना. म्हणजे सगळा हिशेब तालुक्यांचा. "म्होरक्या करवीरचा असंल तर जोड चंदगडची बगायची. दोघंबी करवीरचे म्हंजे एकाच म्हशीला दोन रेडकं." 2019च्या लोकसभेला 'आमचं ठरलंय' या घोषणेने अख्खं कोल्हापूर दणाणलं, तेव्हा तात्यांनी एवढंच विचारलं होतं, "ठरलंय, पर कुणासंगं?" 2021 साली सतेज पाटील आणि हसन मुश्रीफ यांच्या जोडीने 'गोकुळ'च्या 17 जागा जिंकून महाडिक गटाची सत्ता घालवली. आठवडाभर तात्या असे फिरत होते, जणू ती जोड त्यांनीच लावली होती.

एकदा मी त्यांना अमेरिकेचं सांगितलं. 1960 साली मॅसॅच्युसेट्सच्या केनेडींनी उपाध्यक्षपदासाठी टेक्सासचे जॉन्सन घेतले; तेही उमेदवारीच्या शर्यतीत ज्यांना मागे टाकलं तेच.

"करवीर-चंदगडच की ह्ये!"

"त्याच्याही आधी तर दोन नंबरची मतं मिळवणाराच उपाध्यक्ष व्हायचा. 1796 ला अ‍ॅडम्स अध्यक्ष झाले आणि त्यांच्याविरुद्ध लढलेले जेफरसन उपाध्यक्ष."

तात्यांनी ग्लास खाली ठेवला. "पडल्याला पैलवान उपाध्यक्ष? मग चार वर्सं नुसती खडाखडीच!"

"तसंच झालं. शेवटी 1804 साली घटना दुरुस्त केली."

"एक डाव कोल्हापूरला इचारायचं हुतं."

परवा एक तरुण थेट सरपंचपदाला उभा राहणार म्हणून आला. उपसरपंच मागाहून सदस्यांतून निवडतात, पण तो शब्द आधीच कुणाला तरी द्यावा लागतो. सोबत दोन मित्र होते. पहिला फर्डा बोलणारा, भावकी मोठी, गावात वजन. तात्यांनी मान हलवली. "नगं." दुसरा कोपऱ्यात गप्प उभा. "ह्यो चालंल."

तरुण गोंधळला. "तात्या, अवो ह्येला कोण वळखतंय? मतं तर त्याच्याकडं हाईत."

"त्येला सदस्य कर, मतं येतील. उपसरपंच करू नगंस. ऐक लेका, खासबागेत जोड तोलामोलाची लागती, कारण लोकांनी तिकीट काढल्यालं असतंय. पॅनेलात जोड हलकी बगायची. तिथं बी आदी हातात हात देत्यात आन् मग भिडत्यात. आज ना उद्या जोडीदार तुज्याशीच खेळणार. तवा त्यो पडाय पायजे."

तरुणाला पटलं. पाया पडून तो निघाला. तेवढ्यात तो गप्प मुलगा गवळ्याजवळ गेला, सगळ्यांच्या दुधाचे पैसे चुकते केले, बाकीच्या गिऱ्हाइकांनाही एकेक ग्लास सांगितला आणि पुन्हा कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. कट्ट्यावरची माणसं त्याचं नाव विचारू लागली.

तात्यांनी मिशीवरचा फेस पुसला आणि त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"थांब रं पोरा," ते तरुणाला म्हणाले, "वजनात गफलत झाली."